खुंट्यांची उंची

आमच्या घराच्या भिंतींत एकोणीस खुंट्या आहेत. सागाच्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. ओटीवर सात, माजघरात आठ, मागच्या पडवीत चार. २०२१ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीची भाड्याची जागा सोडून आम्ही गुहागर तालुक्यातल्या या घरी कायमचे राहायला आलो तेव्हा थोरली साडेचार वर्षांची होती, धाकटा दीड वर्षाचा. एकोणीसातली एकही खुंटी थोरलीच्या हाताला लागत नव्हती. घरात एवढा पसारा का होतो याचं उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर होतं, पण ते दिसायला मला चार महिने लागले.

सासरे गेल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, या घरात एकट्याच होत्या. नारळ-पोफळीचं आगर, मागे हापूसची अकरा कलमं, विहीर, चार खोल्या आणि वर माळा. एवढं सगळं त्या एकट्या सांभाळत होत्या आणि घर आरशासारखं होतं. प्रत्येक वस्तूला जागा होती. कंदील खुंटीला, सुपं दुसऱ्या खुंटीला, देवघराच्या कोनाड्यात काडेपेटी, फडताळात वरच्या फळीवर बरण्या. अंधारातसुद्धा त्यांचा हात बरोबर त्या वस्तूवर जायचा. त्या घरात आम्ही एकतीस खोकी आणि दोन मुलं घेऊन आलो.

पहिल्या महिन्यात मी खूप काम केलं. शृंगारतळीच्या बाजारातून झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे आणले, एकदम नऊ. खेळणी एकात, कपडे दोनात, पुस्तकं एकात, रंग-कागद एकात. माजघराच्या भिंतीला लागून एकावर एक रचले. दिसायला सुरेख दिसत होतं. पण खालच्या डब्यातलं काही हवं असलं की वरचे दोन उतरवायला मोठं माणूस लागायचं. थोरली दिवसातून वीस वेळा हाक मारायची. मी चुलीशी असले तर ती स्वतःच ओढायची, आणि मग तिन्ही डबे जमिनीवर. काढणं तिला कसंबसं जमत होतं, पण पुन्हा ठेवणं तिच्या आवाक्यातच नव्हतं. रात्री मी एकटी सगळं भरायची. मुलांना आवरायची सवय नाही असं मी फोनवर माझ्या आईला सांगायची. आज वाटतं, मुलांवर तो अन्याय होता.

एप्रिलमध्ये विंचू निघाला.

धाकट्याचे धुतलेले कपडे घड्या घालायला म्हणून मी पाळण्यामागे भिंतीशी टाकून ठेवले होते. दुपारभर तो ढीग तसाच राहिला. संध्याकाळी आई झबलं उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. बोटाएवढा लाल विंचू, नांगी वर करून. त्यांनी आरडाओरडा केला नाही. सांडशी मागितली, त्याला उचललं आणि बाहेर नेऊन मारलं. मग प्रत्येक कपडा अंगणात झटकला. मला म्हणाल्या, “गो, कोकणात भिंतीला लागून जमिनीवर काय ठेवायचं नाय. ठेवलं तर ते आपलं राहत नाय.”

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या भागात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं दगावायची, हे जुन्या माणसांना चांगलं आठवतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विषावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाने माणूस वाचतो हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांनाही घरचं कोणी असल्यासारखा आनंद झाला होता. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय थंडगार पडले तर वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे मी तेव्हा शिकले. आणि दुसरी गोष्ट शिकले ती घराची. शहरात पसारा म्हणजे डोळ्यांना त्रास. इथे पसारा म्हणजे विंचवाला, फुरशाला, गोमेला आसरा. चपला झटकून घालायच्या, अंथरूण झटकून घालायचं, आणि जमिनीवर, भिंतीच्या कडेला, काहीही पडू द्यायचं नाही. हा नियम त्या दिवसापासून आमच्या घरात पाळला जातो.

मग मी जमिनीवरचं सगळं वर उचलायला लागले. तिथे माझी दुसरी चूक झाली. सगळंच वर गेलं. मुलांच्या वस्तू उंच फळ्यांवर, आणि ज्या वस्तू खरोखरच उंच हव्या होत्या त्या तशाच खाली. त्याचा धक्का मे महिन्यात बसला. पावसाआधी पोफळीच्या शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घडांवर, बोर्डो मिश्रण फवारतात, नाहीतर कोळेरोगाने सुपारी गळून जाते. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा विषारी क्षार, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद मागच्या पडवीत बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होतं, वर्षानुवर्षं तिथेच असायचं. त्या डब्यावर मुलाचं चित्र होतं. थोरलीने तो उघडला आणि निळे खडे हातात घेऊन माझ्याकडे आली. “आई, निळी खडीसाखर.” तोंडात घातलं नव्हतं. मी तिचे हात पुन्हा पुन्हा धुतले, जीभ पाहिली, धाकट्याचं तोंड उघडून पाहिलं, आणि मग बसून रडले. आईंनाही रडू आलं. एवढी वर्षं घरात लहान मूल नव्हतं, त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी घर नव्याने पाहिलं. कंदील हातात घेऊन नव्हे, गुडघ्यांवर बसून. धाकट्याच्या उंचीवरून. मी हे प्रत्येकीला सांगते, एकदा रांगत आपलं घर फिरा. विळी कुठे दिसते, पाणचुलीची राख कुठे आहे, मिक्सरची वायर कुठून लोंबते, फवारणीच्या पंपाची नळी कुठे आहे, रॅट किलरची वडी कोणत्या कोपऱ्यात सरकवली आहे. आम्हाला त्या एका फेरीत तेरा वस्तू सापडल्या. मोरचूद, कीटकनाशकं, कोयती, विळी, डांबराच्या गोळ्या, सगळं त्या एकोणीस खुंट्यांवर आणि माळ्यावरच्या कुलपाच्या पेटीत गेलं. विळी आता काम झालं की पातं मिटून पिशवीत, आणि पिशवी खुंटीला. आई आजही जमिनीवर बसून विळीवरच चिरतात, पण उठताना विळी हातात घेऊनच उठतात. ही सवय त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी लावून घेतली, याचं मला फार मोल वाटतं.

डांबराच्या गोळ्यांबद्दल थोडं. त्या पांढऱ्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात. नॅफ्थलीन पोटात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, आणि काही मुलांच्या रक्तात मुळातच एक एन्झाइम कमी असतं, त्यांना थोडंही भारी पडतं. ज्या ट्रंकेत गोळ्या होत्या त्यातले कपडे न धुता तान्ह्या बाळाला घालू नयेत, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही गोळ्या बंदच केल्या. आता निरगुडीचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवतो. कसर थोडी लागते, चालतं.

उंच काय जावं हे कळलं. खाली काय यावं हे अंगणवाडीच्या ताईंनी दाखवलं. करोनामुळे अंगणवाडी बंद होती, शिधा द्यायला त्या घरी आल्या होत्या. माझे डबे पाहून म्हणाल्या, “तुमचं सामान छान आहे हो, पण पोरांना ते दिसत कुठे?” दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद अंगणवाडीचं दार उघडून मला आत नेलं. भिंतीशी एक बुटकी मांडणी होती. प्रत्येक फळीवर चार-पाच वस्तू, त्याहून जास्त नाहीत. एका टोपलीत शिंपले, एकीत चिंचोके, एकीत ठोकळे. टोपलीवर त्या त्या वस्तूचं चित्र. वाचता न येणाऱ्या मुलालाही घर कोणतं ते कळावं म्हणून.

ताईंनी मला ताराबाई मोडकांचं सांगितलं. १९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघांनी आपल्याच किनाऱ्यावर, अगदी उत्तरेला बोर्डीत, गरीब मुलांसाठी बालवाडी चालवायला घेतली आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत नेली. महागडी परदेशी साधनं परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, गारगोट्या, पानं हीच साधनं केली. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधी या बायकांनी मुलांच्या अंगणात जाऊन हे करून दाखवलं होतं. मी डोंबिवलीत मुलांसाठी काय काय विकत घेतलं होतं ते मला त्या खोलीत उभं राहून आठवत होतं. त्यातलं निम्मं मी नंतर ताईंनाच दिलं.

घरी येऊन आम्ही मांडणी केली. त्याच महिन्यात, १६ मेला, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं होतं. आमचा एक फणस आडवा पडला, चार दिवस वीज नव्हती. फणसाच्या फळ्या सुतारदादांनी पाडून दिल्या, पण ओलं लाकूड लगेच वापरायचं नसतं, वाकतं. ते वर्षभर गोठ्यात आडवं रचून ठेवलं. तोवर गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, उरलेले जांभ्याचे चिरे आणले, त्यांना चुन्याचे दोन हात दिले, कारण नाहीतर लाल माती कपड्यांना लागते, आणि त्यांवर जुन्या पाटाच्या दोन फळ्या टाकल्या. चिरा जड, मूल लोंबकळलं तरी हलत नाही. भिंतीपासून मात्र वीतभर पुढे ठेवली, मागे झाडू फिरावा म्हणून. आईंचा नियम.

खुंट्या बसवताना सुतारदादांनी मला एका गोष्टीतून वाचवलं. मी थोरलीच्या खांद्याच्या उंचीवर सहा खुंट्या आणि त्याखाली धाकट्यासाठी चार सांगितल्या होत्या. ते म्हणाले, “वहिनी, खालची लाइन नको. पोर धावत आलं की खुंटी डोळ्याच्या उंचीला येते.” माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मग खालची ओळ रद्द केली, वरच्या खुंट्यांची टोकं गोल करून घेतली, आणि त्या दाराच्या वाटेवर न बसवता कोपऱ्यात घेतल्या. धाकट्याला दोन वेताच्या टोपल्या दिल्या. एक गाड्यांची, एक बाकी सगळ्याची. त्याच्या वयाला दोनच प्रकार पुरतात.

एका वेळी बाहेर आठ खेळणी. बाकीची माळ्यावर ट्रंकेत. महिन्यातून एकदा अदलाबदल. पहिल्या अदलाबदलीला थोरली रडली, दुसऱ्या वेळी ती ट्रंक उघडायची वाट पाहत होती.

एवढं होईपर्यंत मृग लागला, आणि मग पावसाने मला घर म्हणजे काय ते खरं शिकवलं.

आमच्याकडे जुलैत घरातल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी ओढली तर गुल निघून येतो, पुस्तकांची पानं फुगतात. समुद्राकडच्या पश्चिमेच्या बाजूला झापं, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, बांधली तरी झड आत येते. माझे ते नऊ सुंदर डबे ऑगस्टमध्ये उघडले तर आतून कुबट वास आणि लोकरीच्या टोपीवर पांढरी बुरशी. मी ते मेच्या शेवटी, संध्याकाळी, सोयीने भरले होते. आईंनी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तर आतल्या गोधड्या कोरड्या ठक्क. कारण साधं होतं. त्या वैशाखात सलग दोन दिवस कपड्यांना ऊन दाखवतात, दुपारी कडक उन्हातून आत घेतात, निवले की लगेच भरतात. चारनंतर समुद्राची खारी हवा लागू द्यायची नाही. मीठ ओल ओढतं आणि ती ओल डब्यात चार महिने कोंडून राहते. डब्याचा दोष नव्हता, माझ्या वेळेचा होता. त्यानंतर दर वर्षी आम्ही मेमध्ये ट्रंका भरतो आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात सगळं पुन्हा अंगणात काढतो.

कपडे वाळवणं हा तर स्वतंत्र विषय आहे. दोन लहान मुलं आणि चार महिने पाऊस, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मी शेवटी गणित मांडलं. धाकट्याला दिवसाला सात चड्ड्या लागतात. जुलैत एक चड्डी खडखडीत वाळायला तीन दिवस. म्हणजे एकवीस वापरात, आणि झड लागलीच तर वर चार. थोरलीला दिवसाला दोन जोड, म्हणजे सहा आणि वर दोन. त्याहून एकही जास्त नाही, कारण जास्त कपडे म्हणजे जास्त ओले कपडे. जीन्स, जाड टीशर्ट, अस्तराचे फ्रॉक मेमध्येच ट्रंकेत. फक्त पातळ सुती. मागच्या पडवीत पाणचुलीच्या वर दोन वलणं बांधली. एक त्या दिवशी धुतलेल्यांचं, एक निम्म्या वाळलेल्यांचं. सकाळी पाणी तापवताना जी ऊब होते ती फुकट जाऊ द्यायची नाही. कपड्यांना धुराचा वास येतो. मला सुरुवातीला तो आवडत नव्हता. आता मुलांना जवळ घेतलं की तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. शेवटचा ओलसरपणा इस्त्रीने घालवायचा, वीज असेल तेव्हा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही, मग कितीही ढीग दिसो.

त्याच पहिल्या पावसात, २२ जुलैला, चिपळुणात वाशिष्ठीचा पूर शिरला. बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्या घरी थेंब आला नाही, पण आमचं निम्मं सामान चिपळुणावरून येतं. कित्येकांचं सगळं वाहून गेलं होतं, त्यापुढे आपलं काही सांगूही नये. तरी घरात दोन लहान मुलं असताना दूध पावडर, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, मेणबत्त्या हे सगळं आईंनी मेमध्येच आणून ठेवलेलं होतं, म्हणून मला त्या आठवड्यात कुणाच्या दारात जावं लागलं नाही. मेमध्ये मी त्यांना म्हटलं होतं, एवढं कशाला भरता, जागा अडते. आगोटची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी ही जुनी पद्धत असं मला वाटायचं. तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, सोडे, सुकट, सरपण. त्या सप्टेंबरमध्ये मी माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने यादी केली. काय, किती, कधी संपलं. ती यादी मी अजून पुसलेली नाही, खाली नवीन लिहीत जाते.

आईंचं आणि माझं सगळंच जमलं असं नाही. त्यांना बुटकी मांडणी माजघरात नको होती. पाहुणे येतात, देवघर समोर आहे. पंधरा दिवस आम्ही त्यावर फारसं बोललो नाही. मग एकदा दिवेलागणीला त्या केर काढत होत्या. दिवा लावायच्या आधी घर झाडलेलं हवं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. थोरली तिच्या टोपल्या उचलून फळीवर ठेवायला लागली, कारण झाडू अडत होता. कुणी सांगितलं नव्हतं. आई झाडू हातात धरून थांबल्या. त्या दिवसापासून मुलांच्या आवरण्याची वेळ तीच झाली. केर, मग टोपल्या, मग हातपाय धुणं, मग शुभंकरोती. मी मोबाइलमध्ये सातचा गजर लावून जे तीन महिने करत होते ते आईंच्या केरसुणीने आठ दिवसांत केलं. मुलांना घड्याळ कळत नाही, अंधार पडतो ते कळतं.

सप्टेंबरात गणपतीला मुंबईहून सतरा माणसं आली आणि सगळी शिस्त पाच दिवस मोडली, ते साहजिकच आहे. पण त्या गर्दीत मोठ्या जाऊबाईंनी वाटी कुठे म्हणून विचारलं तेव्हा धाकट्याने त्यांचं बोट धरून त्यांना फडताळाच्या खालच्या कप्प्यापाशी नेलं. त्याला ‘वाटी’ हा शब्दही नीट येत नव्हता.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले ओटीच्या पायरीवर वाढत जातात, त्यांना वास येतो, आणि टाकायचं म्हटलं की दोघंही एक होतात. सायकलींना पावसात जागा नाही, त्या गोठ्यात गंजतात. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, तिला कुलूप लावलं, पण किल्ली त्याच उंच खुंटीवर आहे आणि थोरली आता स्टूल सरकवायला शिकली आहे. किल्लीची जागा बदलायला हवी, हे लिहिताना पुन्हा लक्षात आलं.

फणसाच्या फळ्या वाळल्यावर नवी मांडणी झाली. चिरे परत गडग्यावर गेले. सुतारदादांनी कोपऱ्यातल्या खुंट्या आतापर्यंत दोनदा वर सरकवल्या. भिंतीत जुनी भोकं राहिली आहेत, ती बुजवायची नाहीत असं आईंनी सांगितलंय. यंदा मेच्या शेवटी मी माळ्यावर यादी लिहायला गेले तर ती आधीच लिहिलेली होती, दाराच्या बऱ्याच खालच्या भागात, थोरलीच्या अक्षरात. मीठ ५. काडेपेट्या १ पुडकं. मेणबत्या २४. ओआरएस १०. धाकट्याच्या चड्ड्या ९. आजीचं गुडघ्याचं तेल २.